चमचाभर साखर, सहाशे किलोमीटर

निरोगी माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं आणि त्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते जेमतेम पाच ग्रॅम, चहाचा एक चमचा. रिपोर्टमध्ये शुगर 200 आली, तर एकाचे दोन चमचे झाले. आकडा एवढा लहान, म्हणूनच त्याची भीती वाटत नाही.

आता हेच रक्त मेंदूतून जाताना मोजा. मिनिटाला सुमारे पाऊण लिटर, म्हणजे दिवसाला हजार लिटरहून जास्त. साखर तीच पुन्हा पुन्हा फिरते, तरी हिशेबाने मेंदूच्या दारावरून रोज किलोभर साखर जाते. शुगर 200 असेल, तर दोन किलो! मेंदूला त्यातली लागते शंभर-सव्वाशे ग्रॅम. बाकीची केशवाहिन्यांच्या भिंतींना लागून पुढे जाते. आणि या केशवाहिन्या एकापुढे एक जोडल्या, तर सुमारे 600 किलोमीटर भरतात. तेही सव्वा-दीड किलोच्या मेंदूत.

स्नायूंच्या पेशी इन्सुलिनने दार उघडल्याशिवाय फारशी साखर आत घेत नाहीत. केशवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशींना ही सोय नाही. रक्तात साखर वाढली की त्यांच्या आतही वाढते आणि प्रथिनांना चिकटते. तीन महिन्यांच्या शुगरच्या तपासणीत हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजतात, तसाच हा प्रकार. अशी प्रथिनं साचली की भिंती झिरपू लागतात, आणि रक्तातले नको ते पदार्थ मेंदूत उतरतात.

तिथे पहाऱ्यावर असतात मायक्रोग्लिया, अब्जावधी पेशी. 2005 साली जिवंत उंदरांच्या मेंदूत त्यांचं निरीक्षण झालं. त्यांच्या बारीक फांद्या सतत हलत होत्या. काही तासांत सगळा मेंदू चाचपून व्हावा, असा तो वेग होता. धोका दिसताच या पेशी दाह पेटवणारी रसायनं सोडतात. साध्या जखमेतला दाह काही दिवसांत शमतो. इथे साखर उद्याही तेवढीच असते आणि परवाही, त्यामुळे तो वर्षानुवर्षं धुमसत राहतो. त्याची झळ 86 अब्ज चेतापेशींना लागते. मेंदूच्या ऊतीला वेदना जाणवत नाही, म्हणून तक्रारही होत नाही.

मधुमेह असलेल्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका इतरांच्या सुमारे दीडपट असतो. दाह हे त्याचं एकमेव कारण नाही, पण महत्त्वाचं आहे. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात 10.1 कोटी लोकांना मधुमेह आहे. प्रमाण सर्वाधिक गोव्यात, 26.4 टक्के, प्रौढांमध्ये चारातल्या एकाहून जास्त.

मधुमेही माणसाचे डोळे, मूत्रपिंड, पाय आपण तपासून घेतो. आठवणीबद्दल मात्र विचारत नाही. घरात कुणी मधुमेही वडीलधारं माणूस औषधाची वेळ किंवा पैशांचा हिशेब वारंवार विसरू लागलं असेल, तर वयावर ढकलून सोडू नका. पुढच्या भेटीत डॉक्टरांना आवर्जून सांगा.