मालदांडीनंतरची ज्वारी

रब्बी ज्वारी वाढते ती जमिनीत मुरलेल्या ओलीवर. सोलापूर, बीड, धाराशिव, अहिल्यानगर भागांतल्या काळ्या रानांत सप्टेंबरच्या मध्यापासून तिची पेरणी होते आणि दाणे भरू लागतात तेव्हा रानाला भेगा पडलेल्या असतात. या पिकाचा वाण सुधारताना सर्वांत आधी या कोरड्या दिवसांचा विचार करावा लागतो.

मोहोळ येथे 1930च्या दशकात मालदांडी या स्थानिक ज्वारीतून निवड करून एम 35-1 हा वाण तयार झाला. टपोरा पांढरा दाणा, चवदार भाकरी आणि जनावरे आवडीने खातात असा कडबा यांमुळे तो आजही पेरला जातो. 1964 मध्ये सीएसएच-1 हा ज्वारीचा देशातला पहिला संकरित वाण आला आणि पुढे खरिपात संकरित ज्वारीने जम बसवला. रब्बीत तसे घडले नाही. दुष्काळी पट्ट्यात दावणीची जनावरे कडब्यावर जगतात. दाण्याचा उतारा वाढला पण ताट बुटके राहिले, तर असा वाण शेतकरी नाकारतो आणि ते रास्तच आहे.

रोप कोवळे असताना खोडमाशी पानाच्या खालच्या बाजूला अंडी घालते. अळी पोंग्यात शिरून वाढता कोंब कुरतडते आणि पोंगा वाळतो. पाने चकचकीत असली, त्यांवर बारीक लव असली, तर माशी तिथे कमी अंडी घालते. म्हणून पैदासकार निवड करताना रोपांची पाने निरखतात. पुढे ओल संपली की खडखड्या रोगाची बुरशी खोड पोखरते आणि भरल्या कणसासह ताट आडवे होते. पाने शेवटपर्यंत हिरवी राहणारी झाडे या रोगाला सहसा कमी बळी पडतात.

असे गुण एकत्र आणण्यासाठी संकर करतात. ज्वारीच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर असतात, म्हणून फूल उमलण्याआधी चिमट्याने परागकोष काढून कणसावर पिशवी चढवतात आणि दुसऱ्या दिवशी निवडलेल्या झाडाचे पराग त्यावर टाकतात. त्यानंतर अनेक पिढ्या निवड चालते.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने सगळ्या रानांसाठी एकच वाण शोधण्याऐवजी जमिनीच्या खोलीप्रमाणे वाण दिले: हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा, मध्यमसाठी फुले सुचित्रा, भारीसाठी फुले वसुधा. हलकी जमीन लवकर सुकते, म्हणून तिथे ओल टिकून आहे तोवर पिकणारा वाण लागतो. हे सरळ वाण असल्याने निवडक कणसांचे बियाणे शेतकऱ्याला पुढच्या हंगामासाठी घरीच राखता येते.