आजीचा हात

डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीतली आमची खोली १६० चौरस फुटांची. रात्री भिंतीला पाठ लावून सातजण ओळीनं जेवायला बसलो, की डावखुऱ्या बाळूदादाची जागा कायम दाराकडच्या टोकाला. मधे बसला तर त्याचं डावं कोपर शेजारच्याच्या उजव्या कोपराला लागायचं आणि आमटी सांडायची. “जेवायचा हात तो नव्हे रे,” आजी रोज म्हणायची. हीच आजी पहाटे स्टोव्ह पेटवताना काडी मात्र डाव्या हातानं ओढायची. तिचा हात लहानपणीच उजवीकडे वळवलेला होता. जी भाषा माणसाला बाजूला सारण्याला ‘डावलणं’ म्हणते, तिच्यात त्या हाताची सुटका कठीणच होती.

अशा आज्यांनी केवढा मोठा गोंधळ उडवला! १९९१ साली स्टॅन्ली कोरेन आणि डायान हॅल्पर्न या मानसशास्त्रज्ञांनी दक्षिण कॅलिफोर्नियातल्या सुमारे हजार मृतांच्या नातेवाइकांना विचारलं, की गेलेलं माणूस कुठल्या हाताचं होतं? उजव्या हाताच्यांचं सरासरी वय भरलं ७५, डावखुऱ्यांचं ६६. नऊ वर्षांचा फरक! पण क्षणभर आपल्या चाळीतल्या मयतांची यादी डोळ्यांपुढे आणा. त्यात ‘राहुल’ नावाच्यांचं सरासरी वय ‘पांडुरंग’ नावाच्यांपेक्षा कितीतरी कमी निघेल. ते नाव अशुभ आहे म्हणून नव्हे. राहुल अजून म्हातारेच झालेले नाहीत. तसंच हे. जुन्या पिढीतल्या डावखुऱ्यांचे हात मारूनमुटकून वळवलेले, त्यामुळे सत्तरीपुढचे जवळजवळ सगळे उजव्या रकान्यात. डावखुरे म्हणून नोंदले गेले ते मुख्यतः तरुण, आणि तरुणपणी जो गेला त्याचं वय कमीच भरणार.

मग हाताचा आणि आजाराचा काहीच संबंध नाही? आहे, आणि तो फार खोलवर आहे. तो बघायला पोटातल्या बाळापर्यंत जावं लागतं. बेलफास्टच्या पीटर हेपर यांनी सोनोग्राफीत अंगठा चोखणारी बाळं टिपली आणि ती दहा-बारा वर्षांची झाल्यावर ७५ जणांना पुन्हा गाठलं. उजवा अंगठा चोखणारी साठच्या साठ मुलं उजव्या हाताची निघाली. डावा चोखणाऱ्या पंधरांतली दहा डावखुरी. पाटी-पेन्सिल दिसण्याआधी, आजीनं दटावण्याच्या कितीतरी आधी, हात बव्हंशी ठरलेला!

२०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या सुमारे चार लाख लोकांची जनुकं तपासली. डावखुरेपणाशी जोडलेल्या जागा सापडल्या, त्यांतल्या काही पेशीच्या आतल्या सांगाड्याशी निगडित. इमारतीभोवती परांची बांधतात ना, तशी ही सूक्ष्म नळ्यांची परांची. तिच्या आधारानं पेशीला आकार येतो आणि आतला माल इकडून तिकडे जातो. मेंदू घडत असताना ही परांची जराशी वेगळी बांधली गेली, तर त्याचा परिणाम हातावरही दिसत असावा आणि क्वचित आजारांवरही. त्याच अभ्यासात डावखुऱ्यांमध्ये स्किझोफ्रेनियाची शक्यता किंचित जास्त आढळली, आणि कंपवाताची किंचित कमी. ‘किंचित’ हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. हात आजार देत नाही. दोघांच्या वाटा कुठेतरी एकाच वळणावरून निघालेल्या असतात. दहातलं एक माणूस डावखुरं असतं, आणि त्यातल्या बहुतेकांना यातलं काहीही होत नाही.

उतारवयात आजीला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, म्हणजे मार बसला मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागाला. उजव्या हाताच्या शंभरातल्या पंचाण्णव जणांची भाषा त्याच भागात असते. डावखुऱ्यांत मात्र हा आकडा सत्तरच्या आसपास. उरलेल्यांची भाषा उजवीकडे किंवा दोन्हीकडे विभागलेली. आजीची वाचा शाबूत राहिली. तिची भाषा कुठे वसलेली होती, हे एका झटक्यावरून सांगता येणार नाही, पण मी त्या खाटेशी बसून याचाच विचार करत होतो.

तिसऱ्या दिवशी आईनं तिला भरवायला घास उचलला. आजीनं मान हलवली, ताटली जवळ ओढली आणि डाव्या हातानं वरणभात कालवून खाल्ला. एक शीत खाली पडलं नाही.