नळीतील खोबणी आणि माळ्यावरचा राखणदार

जव्हार-मोखाड्याच्या वरकस उतारांवर नागली आणि वरई भरू लागली, की शेतकऱ्याची झोप सरते. रानडुकरे हाकलण्यासाठी त्याला रात्र माळ्यावर काढावी लागते. त्याच्या हाती कोणते हत्यार असावे, हे ठरविताना कायद्याने बंदुकीच्या नळीच्या आत डोकावून पाहिले आहे.

रायफलीचे रायफलपण तिच्या अक्रोडी दस्त्यात नसते. तिच्या नळीत मळसूत्रासारख्या खोबणी कोरलेल्या असतात. त्यांतून जाताना गोळी स्वतःभोवती फिरते आणि त्यामुळेच सरळ जाते. 1853च्या एन्फील्डमध्ये अशा तीन खोबणी होत्या, तर पुढे ईशापूरच्या कारखान्यातही तयार झालेल्या .303 ली-एन्फील्डमध्ये सामान्यतः पाच. नळी घडविण्याची विद्या आपल्याकडेही जुनी. लोखंडाची पट्टी तिरकी गुंडाळून, तापवून, तिच्या कडा एकजीव करण्याची रीत अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त नोंदविली आहे. ही कारागिरी 1878च्या शस्त्र कायद्याने परवान्याखाली आणली. त्या कायद्यातील शस्त्रांच्या व्याख्येत धनुष्यबाणही होते! जव्हार हे मुकणे घराण्याचे, नऊ तोफांच्या सलामीचे संस्थान. शेजारचे मोखाडे मात्र ब्रिटिश मुलखात. रान एकच, अंमल दोन. संस्थान 1948 साली विलीन झाले, तेव्हा हा भेद मिटला.

स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदा 1959 सालचा. संरक्षण किंवा शिकारीच्या खेळासाठी किमान वीस इंच लांब, आतून गुळगुळीत नळीची बंदूक आणि खरोखरीच्या पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक, यांच्या परवान्यांना त्याने झुकते माप दिले. खोबणीच्या नळीला ही सवलत नाही. दूरवर अचूक मारणारे हत्यार सहजी कोणाच्या हाती पडू नये, हा विचार योग्यच आहे. परंतु ठासणीची बंदूक म्हणजे काय, हे माळ्यावर बसणाऱ्यालाच ठाऊक. तोंडातून दारू ओतायची, बोळा ठासायचा, वर छर्रे, पुन्हा बोळा. एक बार झाला की अंधारात पुन्हा तीच यातायात. दारू दमटली तर तेवढाही बार नाही.

त्यातच 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर निर्बंध घातले. ते आवश्यकच होते. उभ्या पिकाची नासाडी करणारे जनावर मारण्याची परवानगी देण्याची तरतूदही त्यात आहे. मात्र बंदुकीचा परवाना एका खात्याचा आणि डुकरासाठीची परवानगी दुसऱ्या खात्याची. दोन्ही कचेऱ्या दिवसा उघडतात. डुक्कर रात्री येते.