भुतापेक्षा खून मोठा

भूमहून पुण्याला सहलीला जाणाऱ्या मुलांच्या कानावर शनिवारवाड्यातली हाक आधी पडते आणि इतिहास मागून येतो. अमावास्येच्या रात्री ‘काका, मला वाचवा’ असा आवाज येतो, ही कथा सर्वांना पाठ आहे. पण अशा कथा जिथे पुरावा नजरेआड होतो तिथेच वाढतात. 1732 मध्ये उभा राहिलेला हा वाडा 1828 च्या आगीत जळाला. उरले ते तट, दरवाजे आणि जोती. रिकाम्या जोत्यांवर कल्पना सहज घर बांधते. अमेरिकेत सॅन होजे इथल्या विंचेस्टर हवेलीचेही तसेच. तिथल्या कुठेच न जाणाऱ्या जिन्यांचे श्रेय भुतांना दिले जाते. 1906 च्या भूकंपात पडझड झाली आणि बराच भाग दुरुस्तच झाला नाही, हे कारण मागे पडते.

भुताच्या निमित्ताने तरी लोक येतात, असे कोणी म्हणेल. खरे आहे; पण ते काय घेऊन परततात? 30 ऑगस्ट 1773 रोजी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांना गारदी शिपायांनी इथे ठार केले. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून सत्तेवर बसलेल्या रघुनाथरावांनाच, म्हणजे हाकेतल्या त्या काकांनाच, दोषी ठरवले आणि पद सोडले. सत्ताधीशाला दोषी ठरवणारा न्यायाधीश या भूमीत होऊन गेला, हे हाकेच्या कथेत कुठेच येत नाही. शिक्षकांनो, दिल्ली दरवाजात शिरण्यापूर्वी मुलांना रामशास्त्री सांगा.