जीपगाडीची गिअरपेटी आणि तिची निगा

मोटारगाडीची निगा म्हटली कीं बहुतेकांचें लक्ष प्रथम इंजिनाकडे जातें. इंजिन तापतें, धुरकटतें, अडखळतें. त्याचें दुखणें फार दिवस लपून राहत नाहीं. परंतु इंजिनाच्या मागें, गाडीच्या तळाशीं, चिखल व धूळ अंगावर घेत काम करणाऱ्या गिअरपेटीची आठवण सहसा होत नाहीं. डांबरी रस्त्यावरच्या गाडीला हें दुर्लक्ष कांहीं काळ सोसतें. डोंगरवाटा आणि नदीनाले ओलांडणाऱ्या गाडीला मात्र तें सोसत नाहीं. अशा गाडीला एक नव्हे, दोन पेट्या असतात. आणि उतारावर उभी गाडी धरून ठेवण्याचें कामही कांहीं गाड्यांत त्यांच्याशींच निगडित असतें.

या जातीच्या गाड्यांत सर्वांत परिचित ती जीप. अमेरिकेंतील टोलेडो येथील विलीज कंपनीनें १९४१ पासून ती सैन्यासाठीं बांधली, आणि त्याच आराखड्यावरून फोर्ड कंपनीनेंही बांधली. १९४५ सालीं तिची नागरी आवृत्ति निघाली. पुढें मुंबईंत महिंद्रा कंपनीनें जीपची जुळणी सुरू केली व ही गाडी आपल्याकडील खेड्यापाड्यांपर्यंत पोंचली. नंतरच्या अनेक गाड्यांनीं तिचेंच तत्त्व उचललें. म्हणून त्या मूळ जीपची रचना ध्यानांत घेतली असतां बाकीच्या गाड्या समजण्यास सोप्या जातात.

गिअरपेटीचें तत्त्व पहारीच्या तत्त्वासारखेंच आहे. जड धोंडा हलवावयाचा तर लांब पहार लागते. हाताचें टोंक पुष्कळ फिरतें, धोंडा थोडाच सरकतो, पण सरकतो. त्याचप्रमाणें लहान दंतचक्रानें मोठें दंतचक्र फिरविलें म्हणजे वेग कमी होतो आणि जोर वाढतो. मूळ जीपचें इंजिन सुमारें ६० अश्वशक्तीचें. तिच्या पहिल्या गिअरांत वेगाची घट २.६६५ पट, दुसऱ्या पेटीच्या खालच्या गतींत १.९७ पट आणि चाकांच्या आंसावर ४.८८ पट होते. या तीन आंकड्यांचा गुणाकार साडेपंचविसाच्या किंचित् वर जातो. म्हणजे चाकाचा एक फेरा होण्यास इंजिनाला पंचवीस-सव्वीस फेरे घ्यावे लागतात, आणि चाकावरचा जोर जवळजवळ त्याच प्रमाणांत वाढतो.

या दुसऱ्या पेटीला ट्रान्स्फर केस म्हणतात. ती गिअरपेटीच्या पाठीला जोडलेली असते आणि तिचीं कामें दोन: शक्ति मागच्या आंसाबरोबर पुढच्या आंसालाही पोंचविणें, आणि हवी तेव्हां आणखी एक खालची गति देणें. जीपमध्यें त्यासाठीं दोन स्वतंत्र दांडे आहेत. पुढचीं चाकें जोडल्याखेरीज खालची गति पडूं नये अशी आंत योजना केलेली आहे. तिचें कारण असें कीं, वाढलेला सगळा जोर एकट्या मागच्या आंसावर पडला तर तो आंस तुटण्याचें भय असतें.

हा भार वाहतांना दंतचक्रांच्या दांतांमध्यें तेलाचा एक अगदीं पातळ थर असतो. तो थर टिकतो तोंवर पोलाद पोलादाला घासत नाहीं. आणि हें तेल तरी किती? मूळ जीपच्या गिअरपेटींत सुमारें ०.७ लिटर व ट्रान्स्फर केसमध्यें सुमारें १.४ लिटर, दोन्ही मिळून जेमतेम दोन लिटर. म्हणून गाडीखालीं रोज पडणारा लहानसा डागही क्षुल्लक समजूं नये. थेंबाथेंबानें पेटी रिकामी होत जाते, आणि तेलाची पातळी दाखविणारा कांटा गाडीच्या पुढच्या फळीवर नसतो.

पातळी पाहण्याची रीत घरच्या माणसालाही जमण्यासारखी आहे. गाडी सपाट जागीं उभी करून चाकांना उटी लावावी. पेटीच्या कुशीला असलेलें भरणीचें बूच, भोंवतालची माती पुसून, पान्यानें सोडवावें. तेल त्या छिद्राच्या खालच्या कडेला लागलें पाहिजे. बोट घालून पाहिल्यास तें कळतें. त्याहून अधिक भरूं नये. अधिक तेल घुसळलें जाऊन तापतें व सीलांतून बाहेर पडतें. कांहीं गाड्यांत दोन्ही पेट्यांमधून तेल एकमेकींत जाण्यास वाट ठेवलेली असते, कांहींत नसते. परंतु जेथें वाट ठेवलेली नाहीं तेथेंही मधलें सील झिजल्यास गिअरपेटींतलें तेल मागच्या पेटींत उतरतें. एक पेटी भरून वाहत आहे आणि दुसरी कोरडी पडत आहे असें दिसल्यास दोष तेथेंच शोधावा.

तेल बदलतांना तें गाडी थोडी चालवून, कोमट असतांना काढावें. म्हणजे गाळही त्याबरोबर उतरतो. मात्र तळाचें बूच काढण्यापूर्वीं भरणीचें बूच सुटतें कीं नाहीं हें पाहून घ्यावें. नाहींतर जुनें तेल वाहून गेल्यावर नवें घालण्यास वाट उरत नाहीं. निघालेलें तेल फेकण्याआधीं नीट न्याहाळावें, कारण पेटीची सर्व हकीकत त्यांत असते. चुंबकाला लागणारी बारीक करडी पूड ही नेहमींच्या झिजेची खूण आहे. पोलादाचे कपचे निघाले तर दांत तुटला किंवा बेअरिंग फुटलें असें समजावें. पिवळी चमक दिसली तर पितळी कडीं झिजत आहेत. आणि तेल दूध घातलेल्या कॉफीसारखें दिसलें तर आंत पाणी शिरलें आहे.

पाणी शिरण्याचा प्रकार ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. तापलेली पेटी नदीच्या थंड पाण्यांत बुडली म्हणजे आंतली हवा आकुंचन पावते. हवा जाण्यायेण्याचें बारीक छिद्र चिखलानें बुजलेलें असेल तर ती ओढ सीलांच्या कडेवर पडते आणि पाणी आंत खेंचलें जातें. म्हणून हें छिद्र मोकळें ठेवावें, आणि पावसाळ्यांत खोल पाण्यांतून गाडी नेल्यावर दोन्ही पेट्यांचें तेल अवश्य पाहावें. पाणी मिसळलेलें तेल त्याच दिवशीं बदललेलें बरें. त्याचा थर टिकत नाहीं आणि बेअरिंगें गंजूं लागतात.

नव्या तेलाची निवडही विचारपूर्वक करावी. जुन्या जीपला ९० क्रमांकाचें गिअर-तेल लागतें. मागच्या आंसासाठीं बनविलेल्या कांहीं जहाल तेलांतील गंधकयुक्त द्रव्यें गिअरपेटींतील पितळी कड्यांना बाधक ठरतात. तेव्हां महाग तें चांगलें असा नियम येथें लागू नाहीं. उत्पादकानें सांगितलेल्या जातीचेंच तेल घालावें.

गाडी चालविण्याच्या संवयीही पेटीचें आयुष्य ठरवितात. वळणावर पुढचीं चाकें मागच्या चाकांहून अधिक अंतर तोडतात. चारी चाकें जोडलेलीं असतांना हा फरक सामावून घेण्याची सोय जीपच्या ट्रान्स्फर केसमध्यें नाहीं. वाळूंत किंवा चिखलांत चाकें थोडीं घसरतात आणि ताण निघून जातो. कोरड्या डांबरी रस्त्यावर तो दंतचक्रांत सांठत राहतो. मग दांडा अडकून बसतो. त्याच्याशीं झटापट न करतां गाडी कांहीं पावलें सरळ मागें घ्यावी. ताण सुटला म्हणजे दांडा बहुधा सहज येतो. टायर कमीअधिक झिजलेले असले तरी हाच त्रास होतो. पहिला व मागचा गिअर टाकतांना गाडी पुरती थांबलेली असावी. मूळ जीपच्या या दोन गिअरांना वेग जुळविणारीं कडीं नाहींत.

आवाजावरूनही निदान करतां येतें. तिसऱ्या गिअरांत शक्ति सरळ जाते व खालच्या जोडदांड्यावर भार पडत नाहीं. पहिल्या-दुसऱ्या गिअरांतला घरघराट तिसऱ्यांत थांबत असेल तर दोष बहुधा त्या दांड्याच्या बेअरिंगांत असतो. तिन्ही गिअरांत आवाज सारखाच येत असेल तर ट्रान्स्फर केसमधील मधल्या दंतचक्राकडे पाहावें. त्याला कोणत्याही गतींत विसांवा नसतो.

सर्वांत गंभीर गोष्ट हातब्रेकची. मूळ जीपचा हातब्रेक चाकांवर नाहीं. तो ट्रान्स्फर केसच्या मागें, शक्ति बाहेर नेणाऱ्या दांड्यावर बसविलेला आहे. तेथलें सील गळूं लागलें कीं तेल थेट ब्रेकच्या अस्तरावर जातें. अशा वेळीं घाटांत गाडी उभी करून हातब्रेक ओढला आणि ट्रान्स्फर केसचा दांडा मधल्या, मोकळ्या जागीं राहिला, तर गाडी गिअरांत असूनही तिला धरणारें कांहींच उरत नाहीं. दुसरा धोका चाक बदलतांना असतो. मागचें एक चाक जॅकवर उचललें म्हणजे आंसांतील डिफरन्शियलमुळें तें उलट फिरूं शकतें, आणि जमिनीवरचें चाक, हातब्रेक ओढलेला असतांनाही, सुटतें. म्हणून आधीं पुढचीं चाकें जोडावीं, टेकलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनीं धोंडे लावावे, आणि मगच जॅकला हात घालावा.

अस्तरावर तेल आढळलें तर केवळ पुसून भागत नाहीं. सील व अस्तर दोन्ही बदललीं पाहिजेत. सीलाची किंमत फारशी नसते. घाटाच्या उतारावर मुलेंमाणसें आंत बसलेलीं असतांना गाडी जागची हलणार नाहीं, हा भरंवसा त्या एका कड्यावर अवलंबून असतो. म्हणून प्रवासाला निघण्यापूर्वीं एकदां वांकून गाडीखालीं पाहावें.