प्रकाशाचा काटा (७) : पिशवीचं फॅट

आज रामन परिणामाकडे वळायचं ठरलं होतं. पण सांगोल्याकडे दूध संकलन केंद्र चालवणाऱ्या एका वाचकांचं पत्र आलं आणि बेत फिसकटला. ते विचारतात, "आमच्याकडं कॅन आला की मिनिटभरात फॅट लागतं, पावती निघते. मग मटणाचं फॅट लावायला तुम्ही सहा आठवडे कसला प्रकाश पाडताय?"

प्रश्न झोंबला, म्हणूनच आवडला.

गंमत अशी की मांसातली चरबी मोजायची प्रमाण पद्धत दुधाकडूनच उसनी घेतलेली आहे. फ्रान्झ फॉन सॉक्सलेटनं १८७९ साली आपलं काचेचं उपकरण केलं ते दुधातल्या स्निग्धांशासाठी. मांसाच्या प्रयोगशाळा आजही तेच वापरतात. खिमा वाळवून जाड कागदाच्या नळीत भरायचा आणि खाली ईथर उकळायचं. वाफ वर जाऊन थंडावते, खिम्यावर ठिबकते, चरबी घेऊन खाली उतरते, पुन्हा उकळते. हे तासन्‌तास चालतं. शेवटी ईथर उडवून मागे राहिलेली चरबी तोलायची.

इथे खरोखर काहीतरी तोललं जातं. या लेखमालेतलं, मांसातली चरबी सांगणारं हातात धरायचं प्रकाशयंत्र काहीच तोलत नाही, आणि तुमच्या केंद्रावरचंही नाही. तिथली बरीच यंत्रं दुधातून ध्वनिलहरी सोडतात, आमचं मांसावर जवळचा अवरक्त प्रकाश टाकतं. परत काय आलं ते पाहून दोन्ही यंत्रं अंदाज बांधतात, तोही आधी प्रयोगशाळेत मोजून ठेवलेल्या नमुन्यांच्या जिवावर. हेच ते कॅलिब्रेशन. गायीच्या सेटिंगवर म्हशीचं दूध लावलं की काय भांडण होतं, ते मी सांगोल्याला काय सांगावं!

शिवाय दूध ढवळता येतं. मटणाचा तुकडा कसा ढवळणार? यंत्राची खिडकी नाण्याएवढी आणि प्रकाश आत शिरतो तो मोजके मिलिमीटर. खिडकी चरबीच्या रेघेवर टेकली तर एक आकडा, बोटभर सरकली तर दुसरा. म्हणून खिम्यावर ते शहाण्यासारखं वागतं आणि चापेवर बावचळतं.

आता पिशवीची गोष्ट. चरबीच्या रेणूत कार्बनच्या लांब माळा असतात, त्यांना दोन्ही अंगांनी हायड्रोजन लटकलेले. ही कार्बन-हायड्रोजनची जोडी १२१० आणि १७२५ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश खाते. पाणी खातं १४५० च्या आसपास, आणि बिनचरबीच्या मांसात पाऊण हिस्सा पाणीच असतं. एकदा मी फ्रीजमधला खिमा पिशवीसकट यंत्राखाली धरला. आकडा भलताच चढला. मटणवाल्यानं फसवलं म्हणून मनातल्या मनात त्याचा उद्धार करून झाला. मग लक्षात आलं की पिशवीची तीन-चार पदरी घडी खिडकीखाली आली होती. पॉलिथीन म्हणजे तरी काय, कार्बन-हायड्रोजनचीच माळ! यंत्रानं इमानेइतबारे पिशवीचं फॅट लावलं होतं. पिशवी काढून, खिमा घरच्या तापमानाला आणून पुन्हा मोजल्यावर त्या बिचाऱ्याची बाजू खरी निघाली. (थंडीनंही घोळ होतो. तापमान बदललं की पाण्याची खूण जागची हलते.)

यंत्राला रेणू दिसतो, तो आला कुठून ते दिसत नाही. स्पेनमध्ये हाच घोळ जरा मोठ्या पैशांचा आहे. इबेरियन डुकरं ओकाच्या रानात बलुतं खातात, बलूत म्हणजे ओकाचं फळ. त्यांच्या चरबीत ओलेइक आम्ल भरपूर चढतं. ते साधारण १३-१४ अंशांनाच वितळतं, म्हणून या डुकरांच्या हॅमची कापं ताटलीत नुसती ठेवली तरी चकाकतात. कोर्दोबा विद्यापीठातली मंडळी कित्येक वर्षं रानात बलुतांवर आणि गोठ्यात खुराकावर वाढलेल्या डुकरांच्या चरबीतला फरक प्रकाशानं टिपतायत. आता ती लहान यंत्रं कत्तलखान्यात थेट धडावर टेकवून पाहतात, जिवंत जनावराच्या कातडीवरसुद्धा.

मग कोणीतरी शक्कल लढवली. जास्त ओलेइकच्या सूर्यफुलाचा खुराक गोठ्यातच चारला, की चरबी रानातल्यासारखी दिसू लागते. यंत्र चुकत नाही. ओलेइक आहे, ते आहे म्हणून सांगतं. ते बलुतातून आलं की सूर्यफुलातून, हे त्याला कोणी विचारलेलंच नसतं. २०१४ च्या स्पॅनिश नियमांत मात्र हॅमला बलुतांवर पोसल्याची काळी किंवा लाल पट्टी मिळवायची तर जनावर रानात निदान ६० दिवस चरलेलं हवं आणि तेवढ्यात किमान ४६ किलोंनी वाढलेलं हवं. ही वाढ पाहायला साधा वजनकाटाच लागतो.

सांगोल्याच्या वाचकांना एक काम. एकाच कॅनमधलं दूध आधी गायीच्या, मग म्हशीच्या सेटिंगवर लावा आणि दोन्ही पावत्या पाठवा. त्या आल्या तर रामन आणखी एक आठवडा थांबेल.