पापणी का पडते?

पावसाळ्यातली पहाट. जमिनीवर झोपलेल्या मुलाला घेऊन आई-वडील सरकारी रुग्णालयात धावत येतात. पोटात दुखतंय, उलटी झाली, आता डोळेच उघडत नाहीत. चाव्याची खूण सापडत नाही, सूजही नाही. अशा वेळी आम्ही डॉक्टर आधी मण्यारीचा संशय घेतो.

दुसरा रुग्ण ओपीडीत येतो. सकाळी ठणठणीत, संध्याकाळी मात्र पापण्या जड, एकाचे दोन दिसते, घास चावताना जबडा थकतो. हा मायस्थेनिया ग्रेव्हिस. या आजाराचे कोडे सुटले ते मण्यारीच्याच विषामुळे!

मेंदूचा हुकूम मज्जातंतूच्या टोकाशी आला की तिथून अॅसिटिलकोलिन हे रसायन सुटते आणि स्नायूवरच्या रिसेप्टरला चिकटते. रिसेप्टर म्हणजे एक सूक्ष्म दार. ते उघडले की सोडियमचे आयन आत शिरतात आणि स्नायू आकुंचन पावतो. पण डोळ्याला न दिसणारी ही दारे मोजायची कशी?

१९६३ मध्ये तैवानच्या चांग आणि ली या संशोधकांनी तिथल्या मण्यारीच्या विषातून अल्फा-बंगारोटॉक्सिन वेगळे केले. ते या दाराला घट्ट चिकटते, सहजी सुटत नाही. त्याला किरणोत्सारी आयोडीन जोडले, की जिथे किरणोत्सार तिथे दार! विजेचा झटका देणाऱ्या माशांत ही दारे भरपूर असतात. त्यांतून रिसेप्टर शुद्ध स्वरूपात मिळवता आला. १९७३ मध्ये अमेरिकेत पॅट्रिक आणि लिंडस्ट्रॉम यांनी तो सशांना टोचला, तेव्हा ससे लुळे पडले. त्याच वर्षी मायस्थेनियाच्या रुग्णांच्या स्नायूंत ही दारे कमी असल्याचे याच विषाच्या मदतीने मोजून दाखवले गेले. शरीराची प्रतिकारशक्तीच दारांवर उलटली होती.

म्हणून आज उपचार आहेत: अॅसिटिलकोलिन टिकवणारी गोळी, प्रतिकारशक्तीला आवर घालणारी औषधे, काहींना थायमस ग्रंथीची शस्त्रक्रिया. तेव्हा संध्याकाळी पडणाऱ्या पापणीला ‘अशक्तपणा’ म्हणून टॉनिक पाजत बसू नका.

आणि मण्यार? शक्यतो खाटेवर, मच्छरदाणी नीट खोचून झोपा. शंका आली तर मांत्रिकाकडे न जाता १०८ला फोन करा. प्रतिविष वेळेत मिळाले, गरज पडल्यास श्वासाला व्हेंटिलेटरचा आधार मिळाला, तर पडलेली पापणी पुन्हा उघडते. ती उघडताना मी अनेकदा पाहिली आहे.